आधी कुठं राहत होतात?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपले भविष्य’. सॉफ्टवेअरमधली बाई म्हटली की हाच विषय येणार, हे मी धरून चालले होते. पण त्यावर तुम्ही रोज व्हॉट्सॲपवर पुष्कळ वाचता. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. आज मी पानथरीबद्दल बोलणार आहे. मागच्या रांगेतले लोक हसतायत, त्यांच्यासाठी पुन्हा सांगते : पानथरी, पानटपरी नव्हे.

पानथरी म्हणजे प्लीहा. डाव्या बरगड्यांखाली, मुठीएवढा, साधारण दीडशे ग्रॅम वजनाचा अवयव. निरोगी माणसात तो हाताला लागत नाही. आपल्या आज्यांना हा शब्द चांगला माहीत होता. ‘ताप अंगात मुरला की पानथरी वाढते,’ असं माझी आजी म्हणायची. आपण पुस्तकात ‘प्लीहा’ शिकलो आणि पानथरी विसरलो.

माझा या विषयाशी संबंध कसा आला, तेही सांगते. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. गेली अनेक वर्षं मी रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. तुमच्या हातात जो रिपोर्ट येतो, ज्यावर जास्त-कमी आकडे ठळक छापलेले असतात, तो तयार करणारी व्यवस्था आम्ही लिहितो. या कामात पॅथॉलॉजिस्ट आणि रक्तविकारतज्ज्ञांबरोबर तासन् तास बसावं लागतं. त्या बसण्यातून मला जे कळलं, ते आपल्या जिल्ह्याच्या फार उपयोगाचं आहे असं वाटलं, म्हणून आज ते तुमच्यापुढे मांडते.

मलेरिया म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर काय येतं? आरोग्यखात्याचा माणूस यायचा, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, भिंतीवर तारीख टाकून जायचा. पाण्याच्या टाकीत गप्पी मासे सोडायचे, आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा. थंडी वाजून ताप, कडू गोळ्या, आणि माणूस बरा. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, ही तारीख तर जीवशास्त्राच्या बाईंनी आपल्याकडून इतक्या वेळा घोकून घेतली की मला ती लग्नाच्या तारखेच्या आधी आठवते.

म्हणजे मलेरिया म्हणजे ताप, आणि काचपट्टीवर जंतू दिसला तर मलेरिया, नाही दिसला तर नाही, हे आपल्या डोक्यात पक्कं आहे. आज मी सांगणार आहे त्या आजारात यातलं काहीच लागू पडत नाही.

एक माणूस डोळ्यांसमोर आणा. हा कुणी एक ठरावीक माणूस नाही. डॉक्टरांकडून ऐकलेल्या वर्णनांवरून मी तो जुळवला आहे. वय तीस-बत्तीस. मूळचा ओडिशातल्या कोरापुटकडचा. दीड-दोन वर्षांपासून सुप्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. तक्रार काय, तर थकवा येतो, डाव्या कुशीत जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं. ताप? नाही. खूप दिवसांत आलेला नाही. डॉक्टर पोटाला हात लावतात तर पानथरी बरगडीपासून थेट बेंबीपर्यंत आलेली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी. मलेरियाची तपासणी होते. रिपोर्ट येतो : जंतू आढळले नाहीत.

आता पुढे काय? मोठी पानथरी आणि तिन्ही पेशी कमी, म्हणजे रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कॅन्सर असेल का? यकृताकडे जाणाऱ्या शिरेत दाब वाढला असेल का? बिहार-झारखंडकडचा असेल तर काळा आजार? क्षयरोग? या सगळ्या शंका रास्त आहेत आणि प्रत्येकीची तपासणी व्हायलाच हवी. पण त्या यादीत एक नाव राहून जातं. ते आहे ‘हायपररिॲक्टिव्ह मलेरियल स्प्लिनोमेगॅली’. पूर्वी याला ‘ट्रॉपिकल स्प्लिनोमेगॅली सिंड्रोम’ म्हणत. आजीच्या भाषेत, मुरलेल्या तापाची पानथरी.

हे कसं होतं ते मला समजलं तसं सांगते. जिथे मलेरिया वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे, तिथल्या माणसाला तो लहानपणापासून पुन:पुन्हा होत राहतो. प्रत्येक वेळी शरीर त्याच्याविरुद्ध आयजीएम जातीची प्रतिपिंडं तयार करतं. बहुतेकांमध्ये गरज संपली की हे उत्पादन आवरतं. काही थोड्या लोकांमध्ये, आणि काही कुटुंबांमध्ये जास्त, त्याला लगाम राहत नाही. प्रतिपिंडांचे गठ्ठे रक्तात फिरत राहतात. रक्त गाळायचं काम पानथरीचं. ती हे गठ्ठे गाळत राहते आणि गाळता गाळता फुगत जाते. दीडशे ग्रॅमची पानथरी किलो-दोन किलोवर जाऊ शकते. मग ही अवाढव्य गाळणी चांगल्या पेशीही अडकवायला लागते. म्हणून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळं खाली येतं. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळतो, आणि गरोदरपणात त्यातलं रक्त एकदम घसरू शकतं.

आणि रक्तात जंतू? ते इतके थोडे असतात की काचपट्टीवर बहुधा दिसत नाहीत. झटपट तपासणीच्या पट्टीवरही अनेकदा रेघ उमटत नाही. अतिसूक्ष्म पीसीआर तपासणीत कधी सापडतात, कधी तिथेही नाही. म्हणजे मलेरियामुळेच झालेला आजार, आणि मलेरियाची तपासणी मात्र कोरी.

मग तो ओळखायचा कसा? डॉक्टर चार गोष्टी जुळवतात. पानथरी बरगडीखाली दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. रक्तातलं एकूण आयजीएम त्या भागातल्या सरासरीपेक्षा पुष्कळ वर. मलेरियाविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण जास्त. आणि चौथी, मलेरियाचं औषध दिल्यावर पुढच्या काही महिन्यांत पानथरी ठळकपणे लहान होणं. ही चौथी गोष्ट महत्त्वाची, कारण पानथरीचा एक प्रकारचा लिंफोमा या आजारासारखाच दिसतो. म्हणून औषध देऊन माणसाला सोडून देता येत नाही. सहा महिने पुन:पुन्हा बोलावून पोटाला हात लावावा लागतो. पानथरी हटत नसेल, तर दुसरं काही शोधावं लागतं.

इथे पणाला काय लागलेलं असतं ते बघा. हे नाव सुचलंच नाही तर हा मजूर कॅन्सरच्या तपासण्यांच्या फेऱ्यात जातो. उचल घेतलेली असते ती संपते. रजा म्हणजे बिनपगारी. कुणी पानथरी काढून टाकायचा सल्ला देतं. पानथरी काढलेल्या माणसाला पुढे आयुष्यभर गंभीर जंतुसंसर्गाचा धोका, आणि परत गावी गेला तर मलेरियाचाही. किंवा तो ‘मोठा आजार आहे’ एवढंच ऐकून, फाइल पिशवीत घालून रेल्वेत बसतो. उपचार न झालेल्या या आजारात माणसं साध्या जंतुसंसर्गाने दगावतात. आणि नाव सुचलं तर? उपचार सुरू होतो तो मलेरियाच्याच, सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या औषधांनी.

तर मग नाव सुचायला काय लागतं? महागडं यंत्र लागत नाही. एक प्रश्न लागतो : तुम्ही आधी कुठं राहत होतात?

इथे मी माझ्या कामाकडे येते. लॅबच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव, वय, लिंग, मोबाइल आणि पत्ता असतो. पत्ता म्हणजे सध्याचा पत्ता. आपल्या त्या माणसाचा पत्ता काय येणार? सुपा, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर. संगणकाच्या दृष्टीने तो आणि तुम्ही-आम्ही सारखेच. त्याच्या आयुष्यातली आधीची तीस वर्षं त्या फॉर्ममध्ये नाहीत. त्याच्या पानथरीत मात्र ती तीसही वर्षं आहेत.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही एका नव्या फॉर्ममध्ये एक रकाना घातला : ‘गेल्या काही वर्षांत आणखी कुठे राहिलात?’ तो भरणं सक्तीचं करावं की नाही यावर बैठकांमागून बैठका झाल्या. काउंटरवरच्या मुलीला एका पेशंटमागे मिनिटभरही मिळत नाही, हे खरंच होतं. शेवटी रकाना ठेवला, सक्ती काढली. नंतर नोंदी उघडून पाहिल्या तर तो रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा. जिथे भरला होता तिथे पुष्कळदा सध्याचाच पत्ता पुन्हा लिहिलेला.

मी काउंटरवरच्या मुलींशी बोलले. एकीने फार शहाणपणाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘मॅडम, मूळ गाव विचारलं की ही माणसं घाबरतात. त्यांना वाटतं आधार कार्ड मागतील, पोलिसांना कळवतील. मग ती म्हणतात, इथलाच आहे.’ मी विचारलं, मग तू काय करतेस? ती म्हणाली, ‘मी विचारते, सणाला गावाला गेला होता का? लांब आहे का? तिकडे ताप येतो का लोकांना? मग ते आपणहून बोलतात.’ छठपूजा, नुआखाई, होळी, कुठल्या सणाला कोण घरी जातं यावरून तिला माणसाचा मुलूख कळत होता. आमच्या रकान्याला जे जमलं नाही, ते त्या मुलीच्या तीन साध्या वाक्यांना जमत होतं.

दुसरी गोष्टही सांगते, ती शुद्ध इंजिनिअरची आहे. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या क्षेत्रात ही चूक केली तर बँकेचे हिशेब कोलमडतील. एखाद्याच्या खात्याची माहिती मिळाली नाही म्हणजे त्याच्या खात्यात शून्य रुपये आहेत असं आपण म्हणत नाही. लॅबचा माणूस प्रामाणिकपणे लिहितो, ‘या नमुन्यात मलेरियाचे जंतू आढळले नाहीत.’ वाचणारा वाचतो, ‘मलेरिया नाही.’ वाक्य बरोबर असतं, वाचन चुकतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं गडचिरोलीला सांग, नगरला कशाला? तर जरा आपल्या जिल्ह्याकडे बघा. हा जिल्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून कोयते बाहेर पडतात आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून कोयते आपल्या कारखान्यांवर येतात. अकोल्याची आदिवासी कुटुंबं नारायणगावच्या बाजूला मजुरीला उतरतात. नागापूरची एमआयडीसी, सुपा, बांधकामं, यांवर ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, बिहारची मुलं आहेत. राज्य राखीव दलातली आपली पोरं गडचिरोलीत बंदोबस्ताला जातात. तिथली भामरागड, एटापल्लीची जंगलं ही महाराष्ट्रात मलेरियाची जुनी ठाणी. डी.एड. करून आपल्याकडची मुलं-मुली तिकडच्या शाळांवर नोकरी करून आली आहेत. शहरात लष्कराचं मोठं केंद्र आहे, ईशान्येत राहून आलेले जवान इथे असतात. आणि आपल्याच शाळेचे काही जण आफ्रिकेत कंपन्यांमध्ये आहेत. म्हणजे ‘मलेरियाच्या मुलखातून आलेला माणूस’ म्हटलं की तो परकाच असेल असं नाही. तो आपल्या बाकावरचाही असू शकतो. एवढं मात्र सांगायला हवं, की वर्षा-दोन वर्षांच्या मुक्कामाने पानथरीचा हा आजार सहसा होत नाही. त्याला लहानपणापासूनचा, पुन:पुन्हा झालेला मलेरिया लागतो. थोडे दिवस राहून आलेल्याला धोका असतो तो वेगळा.

तो असा. व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियाचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि काही महिन्यांनी, कधी वर्षभरानेही, पुन्हा उठतात. म्हणजे जवान परत येऊन नगरला रुळतो, आणि उन्हाळ्यात, डास नसताना, त्याला थंडी वाजून ताप येतो. या झोपलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. त्या गरोदर स्त्रीला देत नाहीत, आणि जी-सिक्स-पीडी नावाचं विकर ज्यांच्यात कमी असतं त्यांच्या रक्तपेशी या गोळीने फुटू शकतात, म्हणून त्या डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यायच्या. पण तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि मजूर गोळ्या सोडतो. टोळीचा तळ हललेला असतो, मुकादम पुढच्या फडावर गेलेला असतो. उरलेल्या अकरा दिवसांच्या गोळ्या कोण देणार?

पानथरी आणि आपला मुलूख यांचं आणखी एक जुनं नातं आहे. १८४०च्या दशकात उत्तर भारतात यमुनेच्या कालव्यांमुळे ताप वाढतो का, हे शोधायला एक समिती नेमली होती. तिच्यातले डॉक्टर डेम्पस्टर यांनी गावोगाव जाऊन लोकांच्या पोटाला हात लावला आणि किती जणांची पानथरी वाढली आहे ते मोजलं. तेव्हा मलेरियाचा जंतू कुणाला माहीत नव्हता. तो लाव्हरान यांनी १८८० मध्ये अल्जीरियात पाहिला. म्हणजे जंतू सापडायच्या तीसहून अधिक वर्षं आधी माणसाच्या पानथरीवरून गावाचा मलेरिया मोजला गेला, आणि तो भारतात, कालव्याच्या काठी. आपणही कालव्याचीच लेकरं आहोत. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं, प्रवरेचं पाणी शेतात आलं, ऊस आला, पुढे प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाण्यामागून ऊस आणि उसामागून माणसं आली. त्या माणसांच्या पोटाला हात लावायची रीत मात्र सोनोग्राफी आल्यावर मागे पडली.

आणखी एक गंमत, म्हटलं तर काळजीची. मलेरिया कमी होतोय. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, फवारणी झाली, आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. मग ढिलाई झाली, १९७६ मध्ये आकडा चौसष्ट लाखांवर गेला. आता पुन्हा चांगली घसरण आहे : २०१५ मध्ये साधारण पावणेबारा लाख रुग्ण होते, २०२३ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास. २०३० पर्यंत मलेरिया हद्दपार करायचं उद्दिष्ट आहे. हे यश मोठं आहे. पण आजार कमी झाला की तो पाहिलेले डोळेही कमी होतात. आजच्या तरुण डॉक्टरने मुरलेल्या तापाची पानथरी पुस्तकातच पाहिलेली असते.

आणि आता संयोजकांच्या मूळ विषयाची थोडी परतफेड करते. कृत्रिम बुद्धिमत्तेला हा रिपोर्ट दाखवला तर ती काय करेल? तिला जी माहिती दिली तिच्यावरून ती अंदाज बांधणार. सुप्याचा पत्ता, मोठी पानथरी, कमी पेशी, मलेरिया निगेटिव्ह. सुप्यात असा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाने आजारी असतो, म्हणून ती तेच आधी सांगेल, आणि गणिताने ते बरोबरच असेल. पण त्यात ‘कोरापुट, वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत’ एवढे शब्द घातले की तिची सगळी यादी बदलते. ते शब्द तिला कोण देणार? ज्याने विचारलं तो.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

आपल्यात डॉक्टर आहेत, लॅब चालवणारे आहेत, औषधाची दुकानं असलेले आहेत. त्यांनी केसपेपरवर सध्याच्या पत्त्याशेजारी आधीचा मुलूख लिहावा. आणि ‘परत गावी कधी जाणार?’ हेही विचारावं. कारण कायमचा इथे राहणाऱ्याला औषधाचा एक पूर्ण कोर्स पुरू शकतो, पण दरवर्षी त्याच जंगलात जाणाऱ्याला दीर्घकाळ संरक्षण द्यावं लागतं.

आपल्यात कारखान्यात, एमआयडीसीत, बांधकामात असलेले आहेत. वीटभट्टी असलेले दोघे तर समोरच बसले आहेत. तुमच्याकडचा माणूस, विशेषतः बाई, ‘डावीकडे जड वाटतं, जेवण जात नाही’ म्हणाली, तर पित्ताची गोळी देऊन कामाला लावू नका. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवा, त्या दिवसाची हजेरी कापू नका, आणि बरोबर तिची भाषा समजणारं कुणी द्या. मात्र कुणीही आपल्या मनाने मलेरियाच्या गोळ्या देऊ नयेत. हे निदान बाकी सगळं तपासून झाल्यावरचं आहे, आणि ते डॉक्टरांचंच काम आहे.

तिसरी विनंती शिक्षकांना. साखरशाळेत, वस्तीशाळेत, महापालिकेच्या शाळेत परमुलखातून आलेली मुलं तुमच्या वर्गात आहेत. फिकट चेहऱ्याचं, पोट पुढे आलेलं मूल ‘जंताचं’ म्हणून सोडून देऊ नका. ते गडचिरोली-नंदुरबारकडचं असेल तर सिकलसेलही असू शकतो. आशाताईंना, आरोग्यसेविकेला एकदा दाखवा.

सर, बाई, तुम्ही आम्हाला उत्तरं पाठ करायला लावलीत, त्याबद्दल आम्ही तेव्हा पुष्कळ कुरकुर केली. पण जीवशास्त्राच्या बाई एक गोष्ट वेगळी करायच्या. उत्तर चुकलं की छडी नव्हती, प्रश्न न विचारता तास संपला की मात्र त्या नाराज व्हायच्या. ती सवय आमच्यातल्या ज्यांना लागली त्यांचं भलं झालं. आज माझ्या सॉफ्टवेअरमधला तो रकाना अजूनही बहुतेक रिकामाच असतो. तो संगणक भरू शकत नाही. तो काउंटरवर, दवाखान्यात, वीटभट्टीवर उभं असलेलं माणूसच भरू शकतं, आणि या सभागृहात अशी माणसं पुष्कळ आहेत.

 आता जेवायला चला, शाळेच्या मागच्या बाजूला मांडव घातलाय.